तलम केस आणि विरळ केस: निगा ठरवण्याआधी हा फरक समजून घेऊ या

निशिगंध (मूळ लेखन)

‘केस पातळ आहेत’ असे आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो, आणि केसांच्या निगेतला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो असे माझे ठाम मत झाले आहे. एकेक केस जाडीला कमी असला तरी तो पातळ, आणि डोक्यावर केसांची संख्याच कमी असली तरी तेही पातळ. या धाग्यापुरते आपण पहिल्या प्रकाराला ‘तलम’ आणि दुसऱ्याला ‘विरळ’ म्हणू या. तलम केस संख्येने भरपूर असू शकतात, जाड केस विरळ असू शकतात, आणि एकाच डोक्यावर दोन्ही गोष्टी असतील तर निगा आणखी जपून करावी लागते. माझे केस तलम आहेत, पण विरळ नाहीत. हे न कळल्यामुळे मी कित्येक वर्षे केसगळतीवरचे उपाय करत राहिले, आणि ज्या केसांना मुळात गळतीचा त्रासच नव्हता त्यांचे त्या उपायांनीच नुकसान केले.

ओळखण्यासाठी कंगव्यात आलेला एक केस घ्यावा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच फिरवावा. जाड केस बोटांना स्पष्ट जाणवतो; तलम केस मात्र बोटांत आहे की निसटला, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. तोच केस पांढऱ्या कागदावर शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवला की उरलीसुरली शंका फिटते. ढोबळमानाने 60 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी व्यासाचा केस तलम समजतात. जाड केस 100 मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जातो. विरळपणा एका केसावरून कळत नाही. त्यासाठी केस कोरडे असताना भांगातून त्वचेची पट्टी किती रुंद दिसते ते पाहावे लागते.

तलम केस चप्पट का बसतात, लवकर तेलकट का दिसतात आणि पटकन का तुटतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या व्यासातच आहेत. व्यास निम्मा झाला की केसाच्या छेदाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते, म्हणजे ताण सहन करण्याची ताकदही साधारण तितकीच उरते. वाकण्याला होणारा विरोध तर व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे निम्म्या जाडीचा केस सोळापट सहज वाकतो. मुळाशी जरा उभा राहून केसांना फुगीरपणा देणे त्याला जमत नाही, यात त्याचा दोष नाही. शिवाय वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून त्याच जाडीचा तेलाचा किंवा क्रीमचा थर निम्म्या जाडीच्या केसावर तुलनेने दुप्पट जड होतो. मैत्रिणीला जो सीरम मानवतो तो आपल्याला का मानवत नाही, याचे कोडे मला या एका गोष्टीने उलगडले.

केसाच्या बाहेरच्या आवरणाला क्युटिकल म्हणतात. कौलांसारख्या एकमेकांवर चढलेल्या खवल्यांचे हे आवरण असते, खवल्यांचे साधारण पाच ते दहा थर असतात आणि त्यांची टोके केसाच्या टोकाच्या दिशेला असतात. आतला गाभा केसाला बळ देतो. तलम केसात या आवरणाचा वाटा मोठा आणि गाभ्याचा वाटा लहान असतो, त्यामुळे खवले घासून निघाले की तुटण्यापासून वाचवायला आत फारसे काही शिल्लक राहत नाही. म्हणून माझी सगळी दिनचर्या दोनच गोष्टींवर बेतलेली आहे: केसांवर ओझे कमी ठेवणे आणि घर्षण कमी ठेवणे.

ओझ्याचे आधी सांगते. मी पूर्वी आठवड्यातून एकदाच केस धूत असे, कारण धुताना केस फार जातात अशी माझी समजूत होती. त्या दिवशी हाताला लागणारा केसांचा पुंजका पाहून पोटात गोळा येत असे, आणि त्या भीतीने पुढची धुणी मी आणखी लांबवत असे. प्रत्यक्षात रोज 50 ते 100 केस गळणे ही सामान्य गोष्ट आहे. मूळ सोडलेले हे केस बाकीच्या केसांत अडकून राहतात आणि पाणी पडले की एकदम बाहेर येतात. सात दिवसांचे केस एका दिवशी दिसले तर तो पुंजका मोठाच असणार. आता मी एक दिवसाआड केस धुते, घाम आला असेल तर रोजही धुते. पुंजका लहान झाला, कारण हिशोब रोजच्या रोज चुकता होतो.

शॅम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला लावावा. बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, तो मुळाशी फिरवावा आणि धुताना वाहून जाणारा फेस खालच्या केसांना पुरेसा आहे असे समजावे. केसांचा ढीग डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी चोळणे तलम केसांना अजिबात सोसत नाही. निम्मा गुंता तिथेच तयार होतो. अंगाचा साबण डोक्याला लावू नये. साबण अल्कधर्मी असतो, डोक्याच्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण 5.5 असतो आणि केसाचा त्याहूनही कमी असतो. अल्कधर्मी पाण्यात केसांवरचा ऋण विद्युतभार वाढतो, केस एकमेकांना दूर लोटतात, खवले उघडतात आणि विंचरताना घर्षण वाढते.

कंडिशनरबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण तलम केसांची माणसे तो टाळतात आणि मीही टाळत असे. ‘लावला की केस बसतात’ ही तक्रार खरी आहे, पण ती बहुधा जागेची आणि मापाची चूक असते. कंडिशनरमधले मुख्य घटक धन विद्युतभाराचे असतात, त्यामुळे ते ऋणभारित केसाला चिकटतात, आणि जिथे केस जास्त झिजलेला असतो तिथे जास्त चिकटतात. खांद्याच्या खाली गेलेल्या केसांचा विचार करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक अडीच वर्षांचे असते. अडीच वर्षांतले ऊन, धुणे, विंचरणे आणि उशीवर घासणे त्या टोकाने सोसलेले असते. मुळाजवळचा केस जेमतेम काही आठवड्यांचा असतो. दोघांची गरज सारखी कशी असेल? मी करंगळीच्या पेराएवढा कंडिशनर तळहातांवर पसरवून घेते, केस मानेपाशी एकत्र धरते आणि कानांच्या खालच्या भागालाच लावते. एखाद मिनिटात धुऊन टाकते. ज्यांना तेवढाही जड होतो त्यांनी क्रम उलटा करून पाहावा: आधी टोकांना कंडिशनर, मग मुळांना शॅम्पू. टोकांना संरक्षण मिळते आणि जादा थर शॅम्पूबरोबर वाहून जातो.

ओला केस फुगलेला आणि कमकुवत असतो, त्याच्या आतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक दुवे, पाण्याने सुटलेले असतात. तो अधिक ताणला जातो, पण तितकाच सहज तुटतो. त्यामुळे पंच्याने खसाखसा पुसू नये. मऊ सुती कापडात केस धरून दाबून पाणी टिपावे, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करून वर वर यावे. मुळापासून खाली एका दमात ओढले की वाटेतल्या सगळ्या गाठी टोकापाशी एकवटतात आणि तिथला केस तुटतो. गुंता सोडवताना गाठीच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरला तर ओढ मुळापर्यंत पोहोचत नाही.

आपापले अनुभव आणि विशेषतः मतभेद कृपया लिहावेत.

चैत्रपालवी

लेख फार उपयोगी आहे. तुम्ही तेलाबद्दल काहीच लिहिले नाही. मी रात्री भरपूर तेल लावून सकाळी धुते. तेल निघावे म्हणून दोनदा शॅम्पू करावा लागतो, आणि तरीही केस दुपारपर्यंत चप्पट होतात. तेल पूर्णपणे सोडून द्यावे का?

निशिगंध

चैत्रपालवी, सोडण्याची गरज नाही, पण तेलाचे काम काय आहे ते ठरवून घ्यावे. तेलाने केस उगवत नाहीत किंवा मुळे बळकट होत नाहीत. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला खाऊपिऊ घालता येत नाही. मात्र खोबरेल तेलाचा एक गुण खरोखर दिसून आलेला आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि केसातील प्रथिनांची झीज कमी करण्यात त्यांपैकी फक्त खोबरेल तेल उपयोगी पडले. त्यातील लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, आणि मग धुताना केस कमी फुगतो.

तेव्हा तेल धुण्याच्या आधी लावावे, फक्त लांबीला लावावे, आणि तलम केसांना चार-पाच थेंब पुरतात असे धरून चालावे. तळहात चकचकीत दिसतील, पण तेल टपकणार नाही, इतपत. दोनदा शॅम्पू करावा लागत असेल तर तेल जास्त झाले. तुम्ही तेलाने जे वाचवता ते दुसऱ्या शॅम्पूच्या चोळण्यात घालवून बसता. डोक्यात कोंडा असेल तर त्वचेला तेल लावणे टाळावे, कारण कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते.

पाणकळा

मूळ लेखातील एका मुद्द्याशी मी सहमत नाही. वारंवार केस धुतले की त्वचा कोरडी पडते आणि ती कोरड भरून काढण्यासाठी तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, असे मी नेहमी ऐकत आलो आहे. धुणे हळूहळू कमी केले तर ग्रंथींना सवय लागते असेही सांगतात. तुमच्या सल्ल्याने नवशिक्या वाचकांचे नुकसान होईल अशी मला काळजी वाटते.

निशिगंध

पाणकळा, काळजीबद्दल आभार; हा मुद्दा कोणीतरी मांडायलाच हवा होता. तैलग्रंथींवर मुख्यतः संप्रेरकांचे, त्यातही अँड्रोजेनचे नियंत्रण असते. वयात येताना केस एकाएकी तेलकट होतात ते त्यामुळेच. केस किती वेळा धुतले याची नोंद ठेवून त्याप्रमाणे उत्पादन वाढवण्याची सोय त्या ग्रंथींकडे नाही. धुणे कमी केल्यावर ‘सवय लागली’ असे वाटते तेव्हा बहुधा आपली नजरच तेलकट केसांना सरावलेली असते.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. शॅम्पू फार तीव्र असेल तर त्वचा ओढल्यासारखी होते, खाज सुटते आणि माणूस धुण्यालाच दोष देतो. वारंवार धुणाऱ्याने सौम्य शॅम्पू घ्यावा, थोडासा घ्यावा आणि पाणी कोमट ठेवावे. जाड, कुरळ्या किंवा फार कोरड्या केसांना माझा सल्ला लागू नाही, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

पाणकळा

खुलासा पटला. महिनाभर करून पाहतो.

रानवाट

माझ्या केसांना सुरुवातीला प्रत्येक नवा शॅम्पू मानवतो आणि दोन महिन्यांनी तोच शॅम्पू काम करेनासा होतो. केस धुऊनही मेणचट लागतात. केसांना शॅम्पूची सवय होते हे खरे आहे का? आमच्याकडचे पाणीही जड आहे.

निशिगंध

रानवाट, निर्जीव केसाला सवय लागत नाही, पण त्याच्यावर थर मात्र चढतात. कंडिशनर आणि सीरममधले डायमेथिकोनसारखे काही सिलिकोन पाण्यात विरघळत नाहीत आणि सौम्य शॅम्पूने पूर्ण निघत नाहीत. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही केसाला धरून बसतात. तलम केसांवर हे लगेच जाणवते, त्याचे कारण वर आले आहेच. तीन-चार आठवड्यांतून एकदा खोलवर स्वच्छ करणारा, म्हणजे क्लॅरिफाइंग, शॅम्पू वापरावा. जड पाण्यासाठी त्याच्या घटकांत ईडीटीए किंवा सायट्रिक आम्ल आहे का ते बघावे, कारण ते क्षार धरून ठेवतात आणि पाण्याबरोबर काढून टाकतात. त्या दिवशी टोकांना कंडिशनर नक्की लावावा.

दूरचा_दिवा

मी पुरुष असून माझे केस आखूड आहेत, त्यामुळे गुंत्याचा प्रश्न नाही. पण गेल्या दोन वर्षांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि डोक्याच्या मध्यभागचे केस पूर्वीपेक्षा मऊ आणि बारीक झाले आहेत. ‘घनता वाढवणारा’ शॅम्पू आणि बायोटिनच्या गोळ्या चालू केल्या आहेत. या धाग्यातल्या दिनचर्येने फरक पडेल का?

निशिगंध

दूरचा_दिवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी जबाबदारीने आणि स्पष्टपणे देते: ही दिनचर्या तुमच्यासाठी पुरेशी नाही. जन्मापासून तलम असलेले केस ही एक ठेवण असते. पूर्वी जाड असलेले केस ठरावीक जागी बारीक होत जाणे हे वेगळे लक्षण आहे. त्या ठिकाणचे केशमूळ केसवाढीच्या दर फेरीला आक्रसत जाते आणि दरवेळी आधीपेक्षा बारीक, आखूड केस बाहेर टाकते. स्त्रियांमध्ये हेच बहुतेक वेळा रुंदावत जाणाऱ्या भांगाच्या रूपात दिसते. यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत, पण ती जितकी लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग जास्त, आणि कोणाला काय द्यायचे हे त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचे. शॅम्पूत दोन वर्षे घालवू नका.

घनता वाढवणाऱ्या शॅम्पूतली प्रथिने किंवा पॉलिमर केसावर बारीक पापुद्रा चढवतात. त्याने केस थोडे भरदार वाटतात आणि पुढच्या धुण्यात तो पापुद्रा निघून जातो. त्यात फसवणूक नाही, पण तो उपचारही नाही. बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केस सुधारतात याला चांगला आधार नाही. शिवाय रक्ताच्या काही तपासण्यांत, त्यातही थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीत, बायोटिनमुळे चुकीचे आकडे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2017 मध्ये तशी सूचना दिली होती. तपासणी करण्याआधी या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगा.

आणखी एक गोष्ट सर्वांसाठी. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटलेले वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून एकदम भरपूर केस जाऊ लागतात. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. पण मधल्या अंतरामुळे खरे कारण विसरले जाते आणि शेवटचा वापरलेला शॅम्पू बदनाम होतो.

चैत्रपालवी

ड्रायरबद्दलही लिहाल का? तलम केसांना गरम हवा विषासमान आहे असे समजून मी केस तासन्‌तास ओले ठेवते.

निशिगंध

मलाही तसेच वाटत असे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासाने माझे मत बदलले. ड्रायर जवळ धरून तापमान वाढवले तसे केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान वाढत गेले, हे अपेक्षितच होते. पण 15 सेंटिमीटरवर धरून सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरपेक्षा नुसत्या हवेवर वाळवलेल्या केसांच्या पेशींमधल्या जोडणीला जास्त इजा झालेली आढळली, बहुधा फार वेळ पाण्यात फुगून राहिल्यामुळे. मी आता आधी पाणी नीट टिपते आणि मग वीतभर अंतरावरून मंद हवा मुळांकडे सोडते. मान खाली घालून मुळे वाळवली की केस उचललेल्या स्थितीतच सुकतात आणि सुटलेले हायड्रोजन बंध त्याच आकारात पुन्हा जुळतात. कोणत्याही फवाऱ्याशिवाय मिळणारा हा फुगीरपणा पुढच्या ओलाव्यापर्यंत टिकतो. केस सरळ करण्याची तापलेली इस्त्री मात्र ओल्या केसांवर कधीही फिरवू नये. आतले पाणी उकळून वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात. तिथून तो केस पुढे तुटणार हे ठरलेलेच असते.

चैत्रपालवी

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. तेल चार थेंबांवर आणले, एक दिवसाआड धुते आणि कंडिशनर मानेखालीच लावते. दुपारी केस चप्पट होणे जवळजवळ थांबले, एकच शॅम्पू पुरतो, आणि न्हाणीघराच्या जाळीवरचा पुंजका पाहून आता भीती वाटत नाही. एकच गोष्ट तशीच आहे: मानेच्या मागे, अगदी केसांच्या आतल्या बाजूला, संध्याकाळपर्यंत बारीक जट बांधली जाते आणि ती सोडवताना पाच-सहा केस तरी तुटतात. तुटलेल्या केसांना टोकाला पांढरी गाठ नाही, म्हणजे ते मुळापासून गेलेले नाहीत.

निशिगंध

तुमचे निरीक्षण अचूक आहे. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला तो पांढुरका फुगवटा असतो. तो नसेल तर केस मधेच तुटलेला असतो. मानेमागे कॉलर, ओढणी किंवा मफलर दिवसभर घासत राहतो, आणि तिथले केस बऱ्याचदा सर्वांत तलम असतात. घराबाहेर पडताना केस सैल वर घेऊन रुंद चिमट्यात अडकवा, पण रबराने घट्ट आवळू नका. रोज त्याच जागी ताण पडला तर मुळेही दुखावतात. झोपताना एक सैल वेणी घाला. जट आलीच तर ती कोरडी ओढू नका. तिच्यावर कंडिशनरचा एक थेंब लावा, बोटांनी दोन भागांत अलग करा आणि मगच कंगवा घ्या. त्या भागातल्या टोकांना फाटे फुटले असतील तर तेवढे दोन सेंटिमीटर कापून टाका, कारण फाटलेले टोक कशानेही जुळत नाही आणि शेजारचे केस त्याच्यातच अडकत राहतात.